उमरखेडला राहिलेले बूट

पुसदला आमच्या भाड्याच्या घराचं दार इतकं ठेंगणं होतं, की येणारा प्रत्येक माणूस वाकूनच आत यायचा. दारासमोर खाटेवर बाबा बसलेले असायचे. त्यामुळे माणूस कोणत्याही कामाला आलेला असो, भांडायलाही आलेला असो, सुरुवात बाबांसमोर वाकण्यापासून व्हायची. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेत त्यांना एवढा मान मिळत नव्हता, म्हणूनच त्यांनी ते घर कधी सोडलं नाही, असं माय म्हणायची. माय बाबांपेक्षा चार बोटं उंच होती. डोक्यावर पाण्याची गुंडी असली की ती दाराशी थांबायची, गुडघ्यांत दुमडायची आणि गुंडी तशीच सरळ ठेवून आत सरकायची. पाणी सांडलेलं मला आठवत नाही. न वाकता आतबाहेर करणारी माणसं त्या घरात दोनच होती, बाबा आणि मी. लहानपणी मला ही आमची विशेष सवलत वाटत होती.

त्या घरातला सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी स्टोव्हची भरभर, मग परातीत भाकर थापल्याचा आवाज, मग स्टँडकडून पहिल्या यष्टीचा हॉर्न. हिवाळ्यात तव्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा परतला जायचा आणि सगळं घर खोकत उठायचं. भिंतीवर मायबाबांचा लग्नानंतरचा फोटो होता. त्यात बाबा खुर्चीत बसलेले आणि माय शेजारी उभी. त्या काळच्या बहुतेक फोटोंत नवरा बसलेला आणि बायको उभी असते. हल्ली लोक अशा फोटोंवरून पुरुषी वर्चस्वाबद्दल बोलतात. आमच्या घरापुरतं ते अर्धंच खरं आहे. बाबा उभे राहिले असते तर फोटोग्राफरला अडचण झाली असती.

मी पाच फूट दोन इंचांवर थांबलो. थांबलो हे घरात कोणी बरीच वर्षं मान्य केलं नाही. मायने दर हिवाळ्यात डिंकाचे आणि मेथीचे लाडू केले. ते अंगी लागले, पण आडवे. बाबांनी शाळेच्या मैदानावरच्या लोखंडी बारला मला लोंबकळत ठेवलं. त्याने माझे हात मजबूत झाले. सुदाममामा यष्टीत कंडक्टर होता. मी कॉलेजात जाऊ लागल्यावरही तो गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "काय भाचे, फुल फाडू का हाफ?" गाडी हसायची. मामाचं माझ्यावर प्रेम होतं, यात शंका घेण्याचं कारण नाही. माझ्या लग्नासाठी पुढे सगळ्यात जास्त धावपळ त्यानेच केली.

बी.ए. झाल्यावर मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो आणि जिल्ह्याच्या एका दैनिकाचा पुसदचा वार्ताहरही झालो. त्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचे सामने होते. मी बातमीसाठी गेलो होतो. पंच म्हणून उमरखेडच्या शाळेची एक शिक्षिका होती. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. मैदानावरच्या कोणत्याही पुरुषापेक्षा ती उंच दिसत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नसावं असं तिच्या चालण्यावरून वाटत होतं. मी गुण नीट दिसावेत म्हणून रेषेच्या आत गेलो. शिटी वाजली.

"ए पोट्ट्या! लायनीच्या मांगं सरक. कोन्त्या शाळेचा तू?"

"मी पेपरचा हाय," मी म्हणालो.

"पेपरचा अस का पाटीचा अस, मांगं सरक."

मी मागे सरकलो. रात्री बातमी लिहिताना शेवटी एक ओळ जोडली, की पंच म्हणून उमरखेडच्या कु. प्रमिला यांनी उत्तम काम पाहिले. तिचं नाव मी दोघांना विचारून खात्री करून घेतलं होतं. दैनिकाने बातमी छापली आणि ती ओळ कापली. पुढे अनेक वर्षं संपादन विभागात बसून मी स्वतः अशा ओळी कापल्या. कापणाऱ्याची चूक नव्हती. त्या ओळीला बातमीमूल्य नव्हतं.

त्यानंतरच्या लग्नसराईत माझ्यासाठी तीन मुली पाहून झाल्या. तिन्ही ठिकाणी पोहे झाले, चहा झाला, आणि निघताना मुलीच्या बापाने "कळवतो" म्हटलं. आमच्या भागात "कळवतो" हा पूर्ण निरोप असतो, त्यानंतर काही कळवायचं राहत नाही. तिसऱ्या घरी मुलीची आजी आतल्या खोलीत बोलली, पण भिंत कुडाची होती. "पोरगा शिकेल हाय, बोलते बी चांगला. पन नवऱ्याशी बोलाले पोरीले मान खाली घाला लागन. लोकं म्हनतीन, लाजून राह्यली." घरी परतल्यावर माय दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मुलाच्या उंचीचा दोष कोणाकडे जातो, याबद्दल घरात मतभेद नव्हता.

तेव्हा मोठ्या मोहरीच्या, बेलबॉटम पॅन्टींचे दिवस होते. पडद्यावरचे नायक गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली घेरदार पॅन्टी घालत, आणि त्या घेराखाली पुरुषांच्या पायांत सरळसरळ उंच टाचा होत्या. याची कोणाला लाज वाटत नव्हती. पहिलवान, वकील, गुंड, सगळे टाचांवर होते. बायकांनी त्याच टाचा घातल्या असत्या तर गावात चर्चा झाली असती. पुसदला हे बूट युसूफभाईच्या दुकानात तयार होत. युसूफभाई स्वतः गावातल्या सर्वांत उंच टाचा घालायचा आणि दिवसभर स्टुलावर बसून असायचा. त्याला चालताना पाहिल्याचं कोणी सांगत नव्हतं.

"मनोहरभाई, ये हील नहीं, रुतबा है," तो बूट पुसत म्हणाला. तपकिरी रंग, बाजूला चेन, टाच साडेतीन इंच. "बस एक बात याद रखना. पॅन्ट जूते के ऊपर गिरनी मंगता. हील दिखी, तो समझो बीवी के सामने नकली दाँत निकाल के रख दिये."

म्हणून मी तेच बूट घालून शेजारच्या टेलरकडे गेलो. टेलरने टेप जमिनीपर्यंत सोडला आणि माप लिहून घेतलं. दोघांनीही आपापलं काम अचूक केलं होतं.

बूट घालून मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा संध्याकाळ होती. बाबा खाटेवर, माय चुलीशी. दाखवण्याच्या उत्साहात बूट उंबऱ्याशी न काढता मी नेहमीसारखा ताठ आत शिरलो आणि दाराची चौकट कपाळावर बसली. आवाज एवढा झाला की माय परात टाकून धावली. तिने हळद लावली, तेल चोळलं, आणि मग माझ्या पायांकडे पाहिलं. ती परातीकडे परत गेली. बाबा मात्र उठले, चौकटीखाली जाऊन उभे राहिले, डोक्यावर हात ठेवून चौकटीपर्यंतचं अंतर चाचपलं आणि परत खाटेवर येऊन बसले. "लागलं का रे जोरात?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडा हेवाही होता, असं मला वाटलं. ते टेंगूळ आठवडाभर राहिलं. छापखान्यात ज्याने विचारलं त्याला मी न टाळता सांगितलं, की दाराची चौकट लागली.

त्या दिवसांतलं एक निरीक्षण नोंदवण्यासारखं आहे. मी उंच झालो, असं गावात एकही माणूस म्हणाला नाही. पानठेल्यावर एकजण म्हणाला, "काहून भौ, तब्येत सुधारली तुयी." शेजारच्या काकू म्हणाल्या, "मनोहर गोरा दिसून राह्यला आजकाल." छापखान्याच्या मालकाने विचारलं, "कोठी सरकारी नोकरी लागली का?" बाजारात एक अनोळखी माणूस मला साहेब म्हणाला आणि रस्ता विचारला. साडेतीन इंच उंचीचे तुकडे करून लोकांनी ते रंगात, तब्येतीत, पगारात आणि स्वभावात वाटून टाकले होते. उंची कोणालाच दिसत नव्हती, दिसत होता फक्त तिचा परिणाम. पूर्वी ज्या विनोदांवर कोणी हसत नसे, त्यांवर लोक हसू लागले. विनोद तेच होते.

हल्ली स्थळं मोबाइलवर येतात. त्यात उंची सेंटिमीटरमध्ये असते आणि ती शिक्षणाच्या आधी लिहितात. बुटात घालायचे, बाहेरून न दिसणारे तळवे घरपोच मिळतात. माझ्या चुलत पुतण्याच्या मुलाने मागवले आहेत. तो मला ते दाखवत होता, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन शोधल्याचा आनंद होता. मी त्याचा आनंद घालवला नाही.

उन्हाळा लागता लागता सुदाममामा एका दुपारी दारात वाकला आणि आत येता येता म्हणाला, "ताई, पोरगी भेटली. बाप आमच्या डेपोतला ड्रायव्हर हाय, उमरखेडचा. आपल्याच समाजाचा, देनंघेनं नाई, साधा मानूस. पोरगी शाळेत मास्तरीन हाय, खेळ शिकवते."

मी मुद्रितं तपासत होतो. हातातली ओळ मी पुन्हा सुरुवातीपासून वाचली.

"नाव काय पोरीचं?" मायने विचारलं.

"प्रमिला. चार जागी पाहून झालं तिचं बी. जुळून नाई राह्यलं."

"काहून?"

मामा पाणी प्यायला. "थोडी उंच हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, जे कोपऱ्यात कापडाने झाकून ठेवले होते. मामा म्हणाला, "म्या त्याले पाच-पाच सांगतली उंची. बुटासंगं होतेच नं." मी ती मुलगी पाहिली आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही. तिने मला पाहून कोणती शाळा विचारली होती, हे सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. मला एवढंच हवं होतं, की तिने एकदा माझ्याकडे पाहावं आणि तिला शाळा विचारावीशी वाटू नये. बाकी होकार-नकार नंतरची गोष्ट होती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

अडचण उघड होती. आमच्याकडे कोणाच्याही घरात पायताण घालून जात नाहीत. रस्त्यावर माणूस कितीही उंच असो, उंबऱ्याशी तो आपल्या पायांवर येतो. मामाने यावर विचार केला होता. कंडक्टरला माणसं कशी बसवायची ते कळतं. त्याची योजना अशी, की मुलीचा बाप आम्हाला उमरखेडच्या स्टँडवर घ्यायला येणार, म्हणजे तो मला मोकळ्या जागी, बुटांवर पाहणार. घरापर्यंत सगळी गल्ली मला बुटांवर पाहणार. दाराशी मी सर्वांच्या शेवटी राहायचं, वडीलधारी आत गेली की बूट काढायचे, चार पावलांत भिंतीशी पोचायचं आणि बसायचं. बसलेल्या माणसाला उंची नसते. मुलगी येईल, पोहे देईल, जाईल. उठायचं सगळ्यांच्या शेवटी.

याची तालीम झाली. माय मुलीची आत्या झाली, बाबा मुलीचे वडील. मी दाराशी बूट काढले, झपझप चार पावलं टाकली आणि खाटेशी मांडी घातली. "चांगलं झालं," मामा म्हणाला, "पन इतका पळू नोको, कुत्रं मांगं लागल्यावानी दिसते." दुसऱ्या वेळी बरोबर जमलं. नव्या पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून तालीम पायजम्यावर झाली होती. पुढे जे घडलं, त्याचं कारण एवढंच.

उमरखेडला आम्ही दुपारी उतरलो. प्रमिलाचे वडील स्टँडवर उभे होते. माणसाची उंची ते गाडीच्या छताच्या दांड्यावरून मोजत असावेत, कारण त्यांनी मला पायांपासून नव्हे, वरून खाली पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "जयभीम, जयभीम. या." गल्लीतून चालताना मी मोजून पावलं टाकली. उन्हात माझी सावलीही बरी पडली होती. दाराशी ठरल्याप्रमाणे सगळे पुढे गेले. मी चेन ओढली, बूट काढले, जमिनीवर उतरलो आणि पहिलं पाऊल टाकलं.

पाऊल माझ्या स्वतःच्या पॅन्टवर पडलं. साडेतीन इंच कापड, त्यात मोहरीचा घेर, दोन्ही पायांखाली लोळत होतं. मी दुसरं पाऊल टाकलं, तेही पॅन्टवर. पायांना पंजे राहिले नव्हते. चार पावलांचं अंतर मी कसं कापलं ते मी पाहू शकलो नाही, पण मामाने नंतर सांगितलं, की लुगडं नेसून नाल्यातून चालणाऱ्या बाईसारखा दिसत होतास. भिंतीशी पोचताना तोल गेला आणि मी सतरंजीवर बसलो नाही, पडलो. प्रमिलाची आत्या म्हणाली, "बसा, बसा, सावकाश." मी पाय मांडीखाली दाबून घेतले. कापड गुडघ्यांपाशी गोळा झालं.

मग प्रमिला आली. मैदानावर जिला मी पाहिलं होतं ती ही मुलगी असेल यावर विश्वास बसेना. खांदे पुढे आलेले, मान छातीत, गुडघे दुमडलेले. दारामागून तिच्या आईचा आवाज आला, "वाकून, वाकून." हातातल्या ट्रेमुळे तसं झालंय असं समजायला जागा होती, पण ट्रे ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली. मायने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ती आयुष्यभर दारात वाकली होती. एका घरात दोन माणसांची दोन खोटी मापं समोरासमोर आली होती आणि सगळे पोह्यांवर लिंबू पिळत होते. पोहे चांगले होते, वरून भाजलेले शेंगदाणे होते. त्यात तिखट जास्त होतं, पण तेव्हा मला ते जाणवलं नाही.

नाव, शिक्षण, नोकरी झालं. प्रमिलाच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पोराले काही विचाराचं असन तर विचारा." मी नाही म्हणालो. मग त्यांनी मुलीकडे वळून म्हटलं, "तुले काही?" हे केवळ म्हणायचं असतं. मुलगी मान हलवते आणि आत जाते.

प्रमिलाने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "पॅन्टचं माप देतानी तुमी कशावर उभे होते?"

मामा म्हणाला, "फॅशन हाय पोरी. शहरात सारे लांबच घालतेत."

"फॅशन त् भाईर राह्यली दाराशी," ती म्हणाली. आवाज तोच होता, मैदानावरचा.

आत्या हळूच म्हणाली, "चूप बस व माय." पण प्रमिलाच्या वडिलांना आता शंका आली होती. ते उठून दारात गेले, बूट हातात घेऊन टाचेवर अंगठा ठेवून पाहिला आणि परत आले. "भाऊ," ते मामाला म्हणाले, "तुमी पाच-पाच म्हनले होते."

मामा तिकिटं तपासल्यासारखा स्वतःचे खिसे चाचपू लागला. आता बोलायचं माझ्यावर आलं. बोललो नसतो तर "कळवतो" हा शब्द येणार होता, आणि तो मला आणखी एकदा, त्यातून तिच्या घरी, ऐकायचा नव्हता.

"बुटावर उभा होतो," मी म्हणालो. "पाच-दोन हाय मी."

"उभे राहा बरं," तिचे वडील म्हणाले. ते रागावले होते की केवळ चौकशी करत होते, ते कळत नव्हतं.

उभं राहण्याआधी मला पाय मोकळे करणं भाग होतं. मी बसल्या जागी पॅन्टचे दोन्ही पाय वर दुमडले, नाला ओलांडताना माणूस दुमडतो तसे, आणि उभा राहिलो. प्रमिला माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने खांदे मागे घेतले, गुडघे सोडले, मान वर केली आणि सरळ झाली. आम्ही बसलो होतो त्या खोलीत ती तेवढ्यात वाढली असं वाटलं. दारामागून आईचा जीव गेल्यासारखा आवाज आला, "वाक नं व माय!"

"आता कायले?" प्रमिला म्हणाली.

आम्ही समोरासमोर उभे होतो आणि माझं कपाळ तिच्या हनुवटीशी येत होतं. ती माझ्याकडे नीट पाहत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "तुमाले कोठी पाह्यलं मी. पुसदले. तुमी ते पेपरचे ना?"

"हौ," मी म्हणालो. "लायनीच्या मांगं सरकलो होतो."

ती हसली. हसताना तिने तोंडावर पदर घेतला नाही. मग पोह्यांच्या रिकाम्या बशा उचलून आत गेली.

मोठ्यांनी पुढचं सगळं रीतीप्रमाणे केलं. हवापाण्याबद्दल बोलणं झालं, मामाने डेपोतल्या एका साहेबाची निंदा केली, बाबांनी ते साहेब आपले विद्यार्थी असल्याचं सांगितलं. निघताना प्रमिलाचे वडील म्हणाले, "कळवतो." मी ते ऐकलं. ठरल्याप्रमाणे सर्वांच्या शेवटी बाहेर पडलो. दुमडलेल्या पॅन्टमुळे आता चालता येत होतं.

अंगणात प्रमिला माझे बूट घालून उभी होती.

ती घराच्या बाजूने आली असावी. साडी घोट्यांपासून थोडी उचलून ती दोन पावलं पुढे गेली, दोन मागे आली. एवढ्या उंचीवर मी त्यापूर्वी कोणत्याही बाईला पाहिलं नव्हतं. कडुनिंबाची एक फांदी तिच्या केसांना लागली. "मले कोनी कधी टाचेची चप्पल घेऊ देल्ली नाई," ती म्हणाली. माझ्याशी कमी आणि बुटांशी जास्त बोलत होती. "जत्रेत बी नाई, लग्नात बी नाई. आधीच ताडावानी हाय म्हनते माय."

"घट्ट होते का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"नाई, बरोबर होते. नंबर काय तुमचा?"

"सहा."

"माया बी सहा," ती म्हणाली.

आमच्या समाजात पत्रिका पाहत नाहीत. जुळल्याची नोंद एवढीच. गल्लीच्या टोकावरून मामाने हाक मारली, "मनोहर, यष्टी सुटते बे!" ती बूट काढायला वाकली. मी म्हणालो, राहू द्या. तिने ओसरीवरची तिच्या वडिलांची टायरची चप्पल माझ्याकडे सरकवली. ती मला दोन बोटं मोठी होती. ती फटफटवत मी स्टँडपर्यंत गेलो, आणि गल्लीने मला येताना पाहिलं होतं तसं जातानाही पाहिलं.

गाडी पुसदच्या रस्त्याला लागल्यावर मायने माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट कोठी हायेत?"

"उमरखेडले राह्यले."

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मामाने माझ्या पायांतली चप्पल निरखली. "जोडे लपवाचा मान मेव्हनीचा," तो म्हणाला, "थो बी लग्न लागल्यावर. इथं पोरीनं स्वतःच ठेवून घेतले, थे बी पाह्याच्या दिवशी. ताई, जोडे ठेवून घेतल्यावर नाई कसं म्हनन पोरीचा बाप?"

तो नाही म्हणाला नाही. आठ-दहा दिवसांनी प्रमिलाचे वडील स्वतः गाडी घेऊन पुसदला आले, दारात वाकले, आणि बाबांना काही सांगण्याआधी आपली चप्पल परत मागितली. आमच्या गल्लीत पुढे अनेक वर्षं यावर चर्चा झाली, की मुलाची उंची कमी निघाल्यावरही त्यांनी होकार कसा दिला. बहुमत असं होतं, की मुलीतच काहीतरी दोष असणार. मुलीच्या गल्लीत मत असं होतं, की मुलाचा पगार लपवलेला असणार. आपल्या मुलीने त्या दिवशी घरी काय सांगितलं, ते तिच्या वडिलांनी कधी बाहेर येऊ दिलं नाही. मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "आतापरेंत आले ते सारे मले खालून पाहे अन् नजर चुकवे. तुमी पॅन्ट दुमडली."

लग्न विहारात लागलं. बुद्धमूर्तीसमोर सगळे अनवाणी असतात, त्यामुळे तिथे मापाचा प्रश्न आला नाही. पांढरे कपडे, पांढरी फुलं, आणि जेवायला वरण-भात, वांग्याची रस्सेदार भाजी आणि बुंदी. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पोरगी खाली बसली तरी चालते," आणि दोघं-तिघं हसले. प्रमिलाने मागे वळून पाहिलं. शिटी नव्हती, पण ते गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो काढायला स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने आधी मला खुर्चीत बसायला सांगितलं. मी म्हणालो, उभा राहतो. त्याने सुस्कारा टाकला, आतून लाकडी खोका आणला आणि मला त्यावर चढवलं. पडद्यामागे जाऊन पाहिलं, परत आला. "काल विहारात पाह्यलं तवा एवढा फरक नव्हता वाटला," तो पुटपुटला आणि खोक्यावर एक पाट ठेवला. पुन्हा पाहिलं. मग त्या पाटावर दुसरा पाट आला. आता मी नवऱ्यामुलीपेक्षा बरोबर दोन बोटं उंच झालो होतो, आणि त्याने समाधानाने बटण दाबलं. प्रमिला शेजारी सरळ, शांत उभी होती. तिच्या साडीच्या निऱ्या जमिनीपर्यंत पोचत होत्या आणि त्यांच्याखाली युसूफभाईने बनवलेले तपकिरी बूट होते. मला ते माहीत होतं. मी बोललो नाही आणि ती बोलली नाही. फोटो कमरेपर्यंतचा आहे.

यवतमाळला आमच्या बैठकीत तो अजून लावलेला आहे. मी अनेक वर्षं फोटोंखाली ओळी लिहिण्याचं काम केलं, डावीकडून कोण, उजवीकडून कोण. या एका फोटोखाली काही लिहिलेलं नाही. नव्याने घरी आलेले लोक त्यापुढे उभे राहतात, म्हणतात जोडा किती शोभून दिसतो, आणि मग माझ्याकडे वळून आदराने विचारतात, की काका, तुम्ही तेव्हा चांगले उंच होते का हो? वय झाल्यावर माणूस खचतो, असं तेच माझ्या वतीने पुढे सांगतात.

"तवा ते खोक्यावर होते," प्रमिला आतून चहा गाळता गाळता म्हणते. लोक हसतात. त्यांना ती गंमत करतेय असं वाटतं. ती स्वतः कशावर उभी होती, हे आजवर कोणीही विचारलेलं नाही.